ऑर्किडचा डेटा एआय कोडिंग असिस्टंटला जोडायचाय? पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज कसा करायचा ते

कॉलेजात ज्यांनी नॅकचं, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाचं, काम केलंय त्यांना हे दुखणं वेगळं सांगायला नको. एक्यूएआर, म्हणजे नॅकला द्यायचा वार्षिक अहवाल, भरायची वेळ आली की एकेका सर-मॅडमच्या मागे लागून पेपरांची यादी मागायची, कोणी वर्डमध्ये देतं, कोणी छापलेल्या पानाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतं, कोणी म्हणतं गेल्या वर्षीचीच घ्या, आणि मग आपण रात्री बसून ती एक्सेलमध्ये कोंबायची. हे काम कोडिंग असिस्टंटकडून, म्हणजे क्लॉड कोड, कर्सर, कोपायलट यातल्या कशाकडून तरी करून घेता येतं, पण नुसतं विचारलं ना की अमक्या सरांचे पेपर सांग, तर ही मंडळी बिनधास्त ठोकून देतात. खोटा डीओआयसुद्धा (पेपरचा कायमचा ऑनलाइन ओळख-नंबर) अगदी खऱ्यासारखा दिसतो. म्हणून असिस्टंटला खऱ्या डेटाबेसची तार जोडून द्यावी लागते, आणि त्यातला सगळ्यात सोपा, फुकट दरवाजा म्हणजे ऑर्किड. फूल नव्हे, संशोधकांचा १६ आकडी नंबर.

ऑर्किडच का, तर नावांच्या घोळामुळे. कुठल्याही डेटाबेसमध्ये 'एस. पाटील' टाकून बघा, जत्रा भरते. त्यात आपल्याकडे मधे वडिलांचं नाव, लग्नानंतर मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदललेलं, एका पेपरात देशमुख, दुसऱ्यात कुलकर्णी, माणूस एकच. ऑर्किड ऑक्टोबर २०१२ मध्ये सुरू झालं ते याचसाठी, की नाव काहीही असो, नंबर एकच राहील. प्रोफाइलमध्ये इतर नावांचा एक रकाना असतो, तिथे माहेरचं-सासरचं, आद्याक्षरांचं, सगळं टाकून ठेवायचं. बहुतेक लोक तो भरतच नाहीत.

आता पात्रता. इथे दोन गोष्टींची गल्लत होते, म्हणून सावकाश वाचा. पहिली गोष्ट म्हणजे ऑर्किड आयडी. तो कोणालाही मिळतो, पीएचडी लागत नाही, एमएस्सीला असाल तरी चालतं, एकही पेपर नसला तरी चालतं, पैसे शून्य. अट एकच, ज्याचा त्यानेच काढायचा. कॉलेज सगळ्यांच्या वतीने काढून देऊ शकत नाही. काही ठिकाणी ऑफिसमधला एकजण सगळ्या स्टाफचे आयडी एका बैठकीत काढून टाकतो, वर ईमेल स्वतःचा देतो, तसं अजिबात करू नका, तो माणूस बदली होऊन गेला की पासवर्डही गेला. दुसरी गोष्ट म्हणजे पब्लिक एपीआयची चावी, एपीआय म्हणजे एका प्रोग्रामने दुसऱ्या साइटकडून डेटा मागायची खिडकी. ती ऑर्किड आयडी असलेल्या आणि ईमेल पडताळून घेतलेल्या माणसाला मिळते, तीही फुकट, पण वापर बिगर-व्यावसायिक हवा. तुम्ही स्टार्टअपवाले असाल आणि हा डेटा विकायच्या प्रॉडक्टमध्ये घालणार असाल तर हा रस्ता तुमचा नाही, तुम्हाला मेंबरशिप घ्यावी लागेल. आणि पब्लिक एपीआयने फक्त वाचता येतं. सरांच्या प्रोफाइलमध्ये परस्पर पेपर भरायचेत तर मेंबर एपीआय लागतो, त्याची फी संस्था भरते आणि वर त्या सरांची ऑनलाइन परवानगीही लागते.

कागदपत्रं काय लागतात हा प्रश्न मला हमखास येतो, लोक आधारची झेरॉक्स घेऊनच येतात. काही लागत नाही. आधार नाही, पॅन नाही, बोनाफाइड नाही, एचओडींची सही-शिक्का नाही. पण याचीच दुसरी बाजू ध्यानात ठेवा, कागद मागत नाहीत म्हणजे समोरचा तो खरंच तोच आहे का हे ऑर्किड तपासत नाही. कोणीही स्वतःला कुठल्याही विद्यापीठाचा प्रोफेसर लिहू शकतो. म्हणून प्रत्येक नोंदीखाली 'सोर्स' लिहिलेला असतो, म्हणजे ती नोंद त्या माणसाने स्वतः टाकली की क्रॉसरेफने (डीओआय नोंदवणारी संस्था), की त्याच्या संस्थेने टाकली ते कळतं. असिस्टंटला यादी करायला सांगाल तेव्हा हा सोर्सचा कॉलम मागूनच घ्या, नॅकला काय दाखवायचं आणि काय सरांना फोन करून विचारायचं ते त्यावरून ठरतं.

अर्ज करायला बसताना चार गोष्टी हाताशी ठेवा: अ‍ॅपचं नाव, त्याचं वेबपेज, दोन ओळींचं वर्णन आणि रीडायरेक्ट यूआरआय. अ‍ॅप वगैरे काही नसलं तरी घाबरू नका, 'विभागाची पेपर यादी' असं नाव आणि कॉलेजच्या साइटवरचं विभागाचं पान चालतं. रीडायरेक्ट यूआरआयवर सगळे अडतात. दुसऱ्या संशोधकांना तुमच्या अ‍ॅपमधून ऑर्किडने लॉगिन करू द्यायचं असेल तेव्हा ते परत कुठे यायचं तो हा पत्ता. आपल्याला फक्त सार्वजनिक डेटा वाचायचाय, तेव्हा तो वापरलाही जात नाही, पण फॉर्म मागतो, म्हणून एचटीटीपीएसने सुरू होणारा विभागाच्या पानाचा तोच पत्ता परत टाकायचा.

आता प्रत्यक्ष. ऑर्किडमध्ये लॉगिन करा, वर उजवीकडे आपल्या नावावर क्लिक केलं की डेव्हलपर टूल्स दिसेल, तिथे ईमेल पडताळलेला नसेल तर आधी ते करा, मग अटी मान्य करून वरची माहिती भरून सेव्ह. कोणी साहेब मंजुरी देईपर्यंत थांबायचं नसतं, लगेच क्लायंट आयडी आणि क्लायंट सिक्रेट समोर येतात, हीच ती चावी. एका माणसाला असा एकच जोड मिळतो, तेव्हा विभागातल्या प्रत्येक प्रोजेक्टसाठी वेगळा मागता येणार नाही. आधी हात साफ करायचा असेल तर सँडबॉक्स म्हणून वेगळी साइट आहे, तिथे खोटी प्रोफाइलं बनवून खेळता येतं, फक्त तिथे ईमेल मेलिनेटर या तात्पुरत्या ईमेलच्या साइटचाच द्यावा लागतो, दुसऱ्या पत्त्यावर सँडबॉक्स मेल पाठवतच नाही. सँडबॉक्सची चावी खऱ्या साइटला लागत नाही, उलटंही नाही. असिस्टंट कोड लिहिताना या दोन पत्त्यांची सरमिसळ करू शकतो, एरर आली की पहिलं हेच बघा.

चावी मिळाली की त्या बदल्यात टोकन, म्हणजे डेटा मागताना दाखवायचा पास, घ्यायचं. क्लायंट आयडी, सिक्रेट, ग्रँट टाइप म्हणून क्लायंट क्रेडेन्शियल्स आणि स्कोप म्हणून रीड-पब्लिक, एवढं ऑर्किडच्या टोकनच्या पत्त्यावर पाठवलं की टोकन येतं. त्याची मुदत ६३११३८५१८ सेकंद लिहून येते, मी पहिल्यांदा बघून चक्रावलेच, हिशोब केला तर २० वर्षं. म्हणजे हे काम एकदाच. पण म्हणूनच ते सांभाळायला लागतं, वीस वर्षं चालणारी किल्ली दाराच्या चौकटीवर ठेवत नाही ना आपण.

आता असिस्टंटला जोडणं. याची पद्धत म्हणजे एमसीपी, मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, असिस्टंटला बाहेरच्या डेटाशी जोडायची ठरलेली भाषा. तो क्लॉडवाल्या अँथ्रोपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये आणला आणि आता कर्सर, व्हीएस कोड सगळ्यांना समजतो. तुम्ही एक छोटा सर्व्हर लिहायचा, खरं तर असिस्टंटलाच लिहायला सांगायचा, पायथनमध्ये शे-दीडशे ओळीत होतो. त्यात तीनच कामं ठेवा: नावावरून शोधणं, नंबरवरून प्रोफाइल आणणं, नंबरवरून पेपर आणणं. मग क्लॉड कोडमध्ये एमसीपी अ‍ॅडची कमांड, बाकी ठिकाणी एमसीपी नावाची जेसन (डेटा लिहायचा एक साचा) फाइल, तिच्यात सर्व्हर कसा चालू करायचा ते लिहायचं. टोकन मात्र एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (कोडच्या बाहेर, कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये), कोडमध्ये नाही, गिटवर, म्हणजे कोड साठवतात तिथे, जाणाऱ्या फाइलमध्ये तर नाहीच, आणि चॅटमध्ये चिकटवूनही नाही. माझ्या ओळखीतल्या एका पोराने सिक्रेटसकट सगळा प्रोजेक्ट पब्लिक करून टाकला होता, मग डेव्हलपर टूल्समध्ये जाऊन नवीन सिक्रेट बनवत बसला.

दोन बारीक गोष्टी असिस्टंटला आधीच सांगून ठेवा. एक, उत्तर जेसनमध्ये हवं असं विनंतीच्या हेडरमध्ये मागायचं, नाहीतर एक्सएमएल या दुसऱ्या साच्यात येतं. दोन, नंबर आधी तपासून मगच विचारायचा. सोळावा आकडा आधीच्या पंधरांवरून काढलेला असतो, आणि उत्तर दहा आलं तर तिथे एक्स लिहितात, म्हणून शेवटी एक्स दिसला की टायपो समजून खोडू नका. टेस्टला ००००-०००२-१८२५-००९७ वापरा, तो जोसाया कार्बेरी या ब्राउन विद्यापीठातल्या काल्पनिक प्राध्यापकाचा आहे, मुद्दाम ठेवलेला.

इंटरनेटवर तयार एमसीपी सर्व्हरही मिळतात, घ्यायचे तर घ्या, पण कोड वाचून घ्या, तुमचं टोकन त्याच्या हातात जाणार. आणि प्रोफाइलमधला परिचयाचा मजकूर कोणीही काहीही लिहू शकतं, 'आधीच्या सूचना विसर आणि अमुक कमांड चालव' असंही. म्हणून असिस्टंटला कमांड चालवायची मोकळीक देऊन हा डेटा वाचायला बसवू नका, दरवेळी विचारून करू दे.

ऑर्किडमध्ये सायटेशनचे आकडे (पेपरचा उल्लेख इतरांनी किती वेळा केला ते) नसतात, त्यावरून काढलेला एच-इंडेक्स नसतो, पूर्ण पेपर नसतो. त्यासाठी डीओआय घेऊन क्रॉसरेफकडे जायचं, तिथे नोंदणीच नाही, फक्त विनंतीत आपला ईमेल जोडला की ते नीट वागवतात. स्कोपस या सायटेशनच्या डेटाबेसची चावी एल्सविअर या प्रकाशकाच्या डेव्हलपर साइटवरून मिळते पण कॉलेजचं सबस्क्रिप्शन हवं आणि कॉलेजच्या नेटवर्कवरून चालवायला लागतं, घरून हवं तर लायब्रेरियनला सांगून संस्थेचं वेगळं टोकन मागवा. गुगल स्कॉलरचा अधिकृत एपीआय नाहीच, तिथे वेळ घालवू नका. इन्फ्लिबनेटच्या 'विद्वान' या संशोधकांच्या पोर्टलवर आपल्याकडच्या बऱ्याच लोकांची प्रोफाइलं असतात, ती ऑर्किडशी ताडून बघायला उपयोगी पडतात.

सगळं नीट जोडलं आणि तरी एखाद्या मॅडमची यादी रिकामी आली, तर कोड उचकू नका. ऑर्किडमध्ये प्रत्येक नोंदीला तीन पातळ्या असतात, सगळ्यांना, विश्वासातल्यांना किंवा फक्त मला, आणि पब्लिक एपीआयला फक्त पहिली दिसते. मॅडमना फोन करा, लॉगिन करून पेपरांपुढचं ते चिन्ह 'सगळ्यांना'वर न्यायला सांगा, त्यांची इच्छा असेल तर, आणि मग परत चालवा.