सिचुआनचं नाव, तैवानचा वाडगा

तैपेईतल्या बीफ नूडल सूपच्या दुकानात पहिल्यांदा शिरणाऱ्याला दोन पाट्या दिसतात. मोठीवर बरेचदा 'छ्वानवेइ' असतं, म्हणजे सिचुआन या चिनी प्रांताच्या चवीचं. छोटी गल्ल्याजवळ कुठेतरी चिकटवलेली, मांस कोणत्या देशातून आलं हे सांगणारी. मोठ्या पाटीवरचं नाव अर्धंच खरं आहे, आणि छोटीच्या मागे संसदेतला मोठा तमाशा आहे.

तैवान बेटावरचे शेतकरी पूर्वी बीफ खात नसत. चिखलणीला जुंपलेला रेडा किंवा गाडीचा बैल कापून खायचा नाही, हा तिथला रिवाज. पोळ्याला बैलाची शिंगं रंगवणाऱ्यांना तो समजावून सांगायला नको. जपानी राजवटीत (१८९५ ते १९४५) शहरांमधून बीफ मिळू लागलं, पण रोजच्या ताटात आलं नाही.

ते आलं १९४९ नंतर. चीनमधलं यादवी युद्ध कम्युनिस्टांकडून हरलेलं राष्ट्रवादी सरकार त्या डिसेंबरात सिचुआनची राजधानी छंगदू सोडून तैपेईला आलं. त्या काळात दहा लाखांहून जास्त माणसं समुद्र ओलांडून आली. त्यांत सैनिक पुष्कळ, पगार तुटपुंजे, आणि परतीची वाट बंद. निवृत्त झालेल्यांनी हातगाड्या लावल्या.

आता त्या नावाचा गुंता. सर्वांत जास्त सांगितली जाणारी कथा दक्षिणेतल्या गांगशान या गावाची. तिथे हवाई दलाची अकादमी, शेजारी सैनिकांच्या कुटुंबांची वसाहत, आणि त्यांत सिचुआनहून आलेले लोक. त्यांनी गावाकडच्या आठवणीने दोबानज्यांग घालायला सुरुवात केली. हे म्हणजे फावा बीन्स आणि मिरच्या आंबवून केलेलं तिखट वाटण. छंगदूकडे लाल रश्शातल्या बीफचा एक छोटा वाडगा मिळे. त्यावर बेतलेल्या रश्शात नूडल पडल्या आणि पदार्थ तयार झाला, असा तर्क एका इतिहासकाराने मांडला. मांडला तो तर्क म्हणूनच, पण पुढे लेखांमधून आणि मेनूकार्डांवरून तो सिद्ध झालेल्या गोष्टीसारखा फिरू लागला. गंमत म्हणजे गांगशान आज प्रसिद्ध आहे ते बोकडाचं मटण, मध आणि दोबानज्यांग यांसाठी. बीफचं नाव त्या यादीत नाही.

मला दुसरं स्पष्टीकरण जास्त पटतं. जपानशी युद्ध चालू असताना, १९३७ पासून, सरकारची राजधानी सिचुआनमधल्या छोंगछिंगला होती. सगळ्या प्रांतांतले कारकून, शिपाई, अधिकारी तिथे आठेक वर्षं राहिले आणि तिखटाला सरावले. तैवानला पोचल्यावर 'सिचुआनी' हा शब्द एका प्रांताच्या माणसांपुरता राहिला नाही. तिखट, लाल, झणझणीत असा त्याचा अर्थ सर्वांना कळत होता. नूडल मळण्या-ओढण्याचा हात गहू खाणाऱ्या उत्तरेचा, सोया सॉस आणि खडीसाखर घालून मांस लालसर शिजवण्याची 'होंगशाओ' पद्धत तर बहुतेक प्रांतांच्या घराघरांतली. एकाच वाडग्यात इतके प्रांत असताना पाटीवर एकाचंच नाव आलं, कारण ते विकलं जात होतं. चीनमध्ये हाच पदार्थ 'तैवानी बीफ नूडल' म्हणून मिळतो, यावरून काय ते समजावं.

चवीत सिचुआन आहेच. त्यात पडणाऱ्या सिचुआन मिरीला आपण परकं मानायचं कारण नाही. कोकणात बांगड्याच्या आमटीत पडणारं तिरफळ तिच्याच कुळातलं. चक्रफूल, आलं, लसूण, कांद्याची पात आणि पोटरीचं मांस मंद आचेवर दोन-तीन तास. तिखट नको असेल त्याच्यासाठी स्वच्छ रश्शाचा प्रकारही असतो. कोल्हापूरकराला तांबडा-पांढरा आठवेल, पण यात नारळ नाही.

नूडल कशाच्या, हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. बेट भाताचं. गहू आला अमेरिकेहून, मदत म्हणून, आणि १९५४ नंतर पीएल ४८० या अमेरिकी अन्नमदत कायद्याखाली. हे नाव आपल्याकडे रेशनच्या रांगेत उभं राहिलेल्यांच्या ओळखीचं आहे. पिठाच्या रिकाम्या पोत्यांच्या चड्ड्या शिवल्या जात आणि मुलांच्या पार्श्वभागावर 'चीन-अमेरिका सहकार्य' हे छापील शब्द झळकत. लोकांनी भाताऐवजी पीठ खावं म्हणून सरकारी प्रचारही झाला. ते पीठ नसतं तर हातगाडीवाल्यांची आठवण घरच्या पातेल्यातच राहिली असती.

पुढे तैपेईच्या थाओयुआन रस्त्यावर एकापुढे एक दुकानं झाली. १९९२ मध्ये एका तैवानी उद्योगाने चीनमध्ये याच चवीच्या झटपट नूडल आणल्या. पाकिटावरच्या चित्रात मांसाचे जाड तुकडे, आत शोधावे लागणारे कण. २००५ पासून तैपेई महापालिकेने बीफ नूडलचा महोत्सव आणि स्पर्धा सुरू केली.

छोटी पाटी याच्याही नंतरची. बेटावर खपणारं बहुतांश बीफ आयात होतं. वाद पेटला तो रॅक्टोपामाइनवरून. जनावराच्या अंगावर चरबीऐवजी मांस चढावं म्हणून हे खाद्यात मिसळतात. अमेरिकेत त्याला परवानगी, तैवानात तेव्हा बंदी. २०११ मध्ये अमेरिकी मांसात ते सापडलं आणि माल दुकानांतून उचलला गेला. सरकारने बंदी सैल करायचं ठरवल्यावर २०१२ च्या जूनमध्ये विरोधकांनी संसदेत अध्यक्षांच्या आसनाचा ताबा घेऊन दिवस-रात्र ठिय्या दिला. जुलैच्या सुरुवातीला आंतरराष्ट्रीय अन्नमानकं ठरवणाऱ्या मंडळात ६९ विरुद्ध ६७ मतांनी मर्यादा मान्य झाली, आणि २५ जुलैला तैवानच्या संसदेने बीफसाठी दार उघडलं. मर्यादा किलोमागे १० मायक्रोग्रॅम. डुकराचं मांस तेव्हा वगळलं. सरकारने आरोग्याचे दाखले दिले, पण २००७ पासून अडकलेली अमेरिकेबरोबरची व्यापारबोलणी मार्च २०१३ मध्ये सुरू झाली, ही तारीख जास्त बोलकी आहे. लोकांच्या समाधानासाठी दुकानदारांवर मूळ देश लिहिण्याची सक्ती आली.

म्हणून आज वाडगा यायच्या आधी भिंतीवर 'अमेरिका' किंवा 'ऑस्ट्रेलिया' वाचायला मिळतं. 'तैवान' लिहिलेलं पाहायचं असेल तर दक्षिणेत ताइनानला जावं, तेही सकाळी लवकर. तिथे ताज्या स्थानिक बीफच्या पातळ कापांवर उकळता रस्सा ओततात. सोबत भात मिळतो. नूडल नसतात, आणि सिचुआनही नसतं.