खांब कुठे उभे करायचे?

पुण्याच्या चांदणी चौकातला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ रोजी, मध्यरात्र उलटल्यावर, सुमारे ६०० किलो स्फोटकं लावून पाडला. पुलाखालचा गाळा, म्हणजे दोन खांबांमधली मोकळी जागा, अरुंद होता आणि महामार्गाच्या जादा लेन त्यात मावत नव्हत्या. म्हणून इंटरचेंज, म्हणजे रस्ते पुलांनी एकमेकांच्या वरखालून जाणारा चौक, आखायला बसलं की आधी खांबांच्या जागा ठरवाव्यात.

वाहतूक वर्षाला ५ टक्क्यांनी वाढली तरी १५ वर्षांत दुपटीच्या वर जाते. तेवढं सगळं आजच बांधणं परवडत नाही. जमीन आणि गाळा मात्र मागाहून वाढवता येत नाहीत. लेन ३.५ मीटरची असते; दोन्ही दिशांना एकेक वाढणार असेल, तर गाळा आजच ७ मीटर जास्त घ्यावा. रस्त्यावर पुढे डांबराचे थर चढतील, तेव्हाही ५.५ मीटर मोकळी उंची उरली पाहिजे.

लूपची, म्हणजे उजवीकडे वळण्यासाठी गोल फिरून जाणाऱ्या रस्त्याची, जमीन हमखास कमी पडते. वळणाच्या आतल्या बाजूला ७ टक्के आडवा उतार आणि टायर-रस्त्यामधलं ०.१५ घर्षण धरलं, तर ताशी ४० किलोमीटरला ५७ मीटर त्रिज्या पुरते, ५० ला थेट ९० लागते. शिवाय दोन लूप शेजारी आले की एकातून उतरणारी आणि दुसऱ्यात शिरणारी वाहनं एकमेकांना आडवी जातात. कोंडी तिथूनच सुरू होते. सर्वांत जास्त वाहनं ज्या बाजूने उजवीकडे वळतात, तिथे भविष्यातल्या थेट रॅम्पसाठी (गोल न फिरता वळवणाऱ्या जोडरस्त्यासाठी) पट्टा राखून ठेवावा आणि त्यात जलवाहिनी किंवा केबल टाकू देऊ नये.

पुढे पूल रुंद करायची वेळ येते, तेव्हा खरी कसोटी लागते जुन्या डेकला (पुलाच्या वरच्या, वाहनं चालतात त्या स्लॅबला) नवा डेक जोडताना. नवं काँक्रीट महिनोन्‌महिने आकसतं, डेक पेलणारी तुळई, म्हणजे गर्डरही हळूहळू वाकतो. घाईने सांधलं की सांध्यालगत भेगा पडतात, पाणी मुरतं, सळ्या गंजतात. म्हणून मध्ये साधारण मीटरभर पट्टी उघडी ठेवून ती सर्वांत शेवटी भरतात. ती भरतात त्या रात्री जुन्या पुलावरची वाहतूक बंदच हवी. ट्रक गेला की डेक किंचित खाली-वर होतो, सळ्या हलतात आणि न आळलेल्या काँक्रीटमध्ये त्यांच्याभोवती पोकळी राहते.

या जोडणीसाठी पहिल्या टप्प्यात सळ्यांची टोकं कडेला उघडी सोडली, तर दुसरा टप्पा येईपर्यंत पावसाने ती खाल्लेली असतात. त्यापेक्षा कडेच्या काँक्रीटमध्ये आट्यांचे कपलर (सळ्या जोडणाऱ्या नळ्या) बसवून, ग्रीस भरून, टोपण लावावं. प्रत्येक कपलरची जागा मोजून नकाशावर नोंदवावी, म्हणजे पुढच्या कंत्राटदाराला कड फोडून ते शोधावे लागत नाहीत.