मान ढिली सोडा की!

सांगलीच्या गावभागातल्या ज्या सलूनमध्ये मी पंधरा-वीस वर्षं केस कापून घेतोय, तिथला कारागीर मानेवर मशीन लावायच्या आधी दर वेळी एकच वाक्य म्हणतो, "सर, मान ढिली सोडा की." मी म्हणतो, "सोडलीय की!" मग तो दोन बोटांनी माझं डोकं हलकेच पुढं ढकलतो आणि ते ढिम्म हलत नाही. मान सैल आहे हे मी शपथेवर सांगितलं असतं. त्याच्या बोटांना मात्र ती लाकडासारखी लागत असे.

हाच गोंधळ सव्वाशे वर्षांपूर्वी एका नटाचा झाला होता. फ्रेडरिक मथायस अलेक्झांडर, जन्म १८६९, गाव ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडचं टास्मानिया बेट. शेक्सपिअरचे उतारे रंगमंचावर म्हणून दाखवणं हा त्याचा व्यवसाय. ऐन रंगात आवाज बसायला लागला. मराठी नाटकाचा पहिला पडदा १८४३ साली जिथं उघडला त्या आमच्या सांगलीतल्या लोकांना अशा नटाचं दुःख वेगळं सांगायला नको. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली. विश्रांतीनं आवाज सुटायचा आणि प्रयोगात पुन्हा बसायचा. मग याला शंका आली, की बोलताना आपणच काहीतरी करत असू का?

त्यानं आरसे लावले आणि समोर उभा राहून उतारे म्हणायला लागला. दिसलं ते असं: पहिला शब्द फुटायच्या आधीच डोकं मागं ओढलं जातंय, स्वरपेटी खाली दाबली जातेय आणि तोंडानं धाप लागल्यासारखी हवा आत घेतली जातेय. ठीक, डोकं मागं जातंय तर पुढं ठेवू. ठेवलं. म्हणजे ठेवलं असं त्याला वाटलं. आरशात बघतो तर डोकं मागंच! आपल्या अंगाची आपल्याला येणारी खबर खोटी असू शकते, हा त्याचा खरा शोध. आवाज सुटला हे त्यानंतरचं.

ही खबर चुकते कशी, ते समजायला मान आतून कशी आहे ते बघू. मोठ्या माणसाचं डोकं साधारण साडेचार ते पाच किलोचं. ते मानेच्या सात मणक्यांपैकी सगळ्यात वरच्यावर टेकलेलं असतं. हा सांधा कुठं असेल विचारलं तर बहुतेक जण मानेच्या बुडाशी बोट दाखवतात. खरं तर तो बराच वर, जवळजवळ दोन कानांच्या मध्ये आहे. 'हो' म्हणून मान डोलवतो ती मुख्यतः या सांध्यातून, आणि 'नाही' म्हणतो ते त्याच्या खालच्या, पहिल्या-दुसऱ्या मणक्यांच्या सांध्यातून.

गंमत अशी की डोक्याचा भार या सांध्याच्या बरोब्बर वर नसतो, जरासा पुढं असतो. म्हणून सांगली-पुणे एसटीत डुलकी लागली की डोकं बहुधा छातीकडं पडतं. जागेपणी ते पडू नये म्हणून मानेच्या मागचे स्नायू सतत थोडे ओढलेले असतात. तेवढं हवंच. पण संगणकात डोकं खुपसलं, फोन वाजला, साहेबांचा आवाज आला, की आपण ही ओढ गरजेपेक्षा जास्त वाढवतो आणि काम संपल्यावर ती सोडायची विसरतो. कवटीच्या तळाशी जे बारके स्नायू आहेत, त्यांत ताण मोजणारे संवेदक अगदी दाटीवाटीनं भरलेले आहेत. तीच ती खबर देणारी मंडळी. पण रोज उठून तेच सांगितलं, की मेंदू ते ऐकेनासा होतो, घरातल्या फ्रिजची घरघर ऐकू येईनाशी होते तसं. आखडलेली मान हीच नेहमीची मान ठरते. एक दिवस उसण भरते तेव्हा आपण उशीला दोष देतो.

आता आईचा सल्ला. "पोक काढून बसू नकोस, ताठ बस!" लहानपणी हे ऐकलं नाही असा मराठी माणूस विरळा. सांगितल्याबरोबर आपण छाती पुढं काढतो, कंबर आत ओढतो, हनुवटी वर करतो. म्हणजे आधीच्या ताणावर नवा ताण चढवतो. पाच मिनिटांत स्नायू दमतात आणि पोक परत येतं. आईची माया खरी, पण हा सल्ला मला अर्धवट वाटतो. एकच 'बरोबर' बैठक धरून बसल्यानं पाठदुखी टळते, असं संशोधनातूनही सिद्ध झालेलं नाही.

अलेक्झांडरची युक्ती उलटी होती. नवीन काही करायचं नाही, जे होतंय ते होऊ द्यायचं नाही. १९०४ साली तो लंडनला गेला आणि हेच शिकवत राहिला. शिकवणीत व्यायाम नसतो, खुर्चीतून उठणं-बसणं असतं. शिकवणारा मानेवर आणि पाठीवर हलका हात ठेवून म्हणतो, उठा. तुम्ही उठायच्या आतच मान आखडते आणि त्याच्या हाताला ते कळतं. मग तो म्हणतो, उठायचा विचार आला की थांबा, उठू नका. त्या थांबण्यात मान सुटते. सुटली की उठा.

घरी करून बघा. एक तळवा मानेच्या मागं, केस संपतात तिथं ठेवा आणि नेहमीसारखे खुर्चीतून उठा. हाताखाली डोकं मागं दबलं? बहुतेकांचं दबतं. पुन्हा बसा आणि या वेळी डोकं आधी निघू दे, धड त्याच्या मागून येऊ दे. पहिल्यांदा तोल जाईल, पडू, असं वाटतं. पडत नाही.

हे नुसतं ऐकीव नाही. २००८ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये जुनाट पाठदुखीच्या ५७९ रुग्णांवरची चाचणी छापून आली. वर्षानंतर नेहमीचे उपचार घेणाऱ्यांची पाठ चार आठवड्यांतले सुमारे २१ दिवस दुखत होती. अलेक्झांडरच्या पद्धतीचे २४ धडे घेतलेल्यांचे दुखरे दिवस त्याहून १८ नं कमी होते. याच चाचणीत काहींना मसाज दिला होता, त्याचा रोजच्या हालचालींना होणारा फायदा मात्र वर्षभरात ओसरला होता. मानदुखीवरही २०१५ साली अशीच आशादायक चाचणी झाली. पण दमा जातो वगैरे दावे सोडून द्या, त्यांना पुरावा नाही. हाताला मुंग्या येत असतील, बोटांतली ताकद कमी होत असेल, तर आरसा बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठा.

हरिपूरच्या रस्त्यानं डोक्यावर पाटी घेऊन येणारी भाजीवाली बघितली की मला नेहमी वाटतं, हिला कुणी शिकवलं? चुंबळीवरची पाटी हिंदकळत नाही आणि खालचं अंग मोकळं चालत असतं. मान आखडली तर पाटी डुगडुगेल, म्हणजे तिचा आरसा डोक्यावरच आहे. पूर्व आफ्रिकेतल्या काही बायका स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापर्यंतचं ओझं डोक्यावरून नेतात आणि त्यासाठी जादा ऊर्जा खर्चत नाहीत, असं १९८६ साली मोजणाऱ्यांना आढळलं होतं. नंतरच्या सगळ्या मोजण्या तशा निघाल्या नाहीत. आणि जन्मभर ओझं वाहून मान झिजते तीही खरीच, तेव्हा उगाच कौतुक नको.

मी सध्या फोनवर सराव करतोय. रिंग वाजली की लगेच झडप घालायची नाही. थांबायचं, मान सोडायची, मग हात पुढं करायचा. परवा हे सगळं अगदी यथासांग जमलं. हात फोनपर्यंत पोचला आणि रिंग बंद झाली. आतून बायको म्हणाली, "कोणाचा होता?" कर्ज हवंय का विचारणाऱ्याचा असणार.