एकाकी मनोरा
इंग्रज चित्रकार सॅम्युएल पामर (२७ जानेवारी १८०५–२४ मे १८८१) याचे चांदण्या रात्रीचे अम्लरेखन (एचिंग). मूळ नाव ‘द लोनली टॉवर’. काल सामान्यतः १८७९ धरतात. एचिंग क्लब या अम्लरेखनकारांच्या इंग्रज मंडळाच्या संग्रहातून ते १८८० मध्ये प्रकाशित झाले. उत्कीर्णन (एनग्रेव्हिंग) म्हणून त्याची सर्रास नोंद होत असली, तरी ते काटेकोर अर्थाने योग्य नाही. उत्कीर्णनात छिन्नी धातू खोदते, तर येथे तांब्याच्या पत्र्यावरील लेप सुईने खरवडून रेषा अम्लाकडून खाऊ दिल्या आहेत. जिथे फिकट छटा हवी तिथे वार्निशने रेषा झाकून पत्रा पुन्हा अम्लात बुडवायचा, असे पामर वारंवार करी. एकेका पत्र्यावर त्याची वर्षे जात. दाट काळ्या रेषांच्या जाळीतून कागदाचे पांढरे ठिपके डोकावत राहतात. चित्रातले चांदणे म्हणजे हा कोरा राखलेला कागदच होय.

कड्यावर मनोरा, त्याच्या खिडकीत दिवा. क्षितिजालगत चंद्रकोर, वर तारे. खाली बैलगाडी, उडते घुबड आणि मनोऱ्याकडे पाहणारे मेंढपाळ. विषय इंग्रज कवी जॉन मिल्टनच्या ‘इल पेन्सेरोसो’ या काव्यातील आहे. त्यात मध्यरात्री दिवा लावून बसलेला चिंतक सप्तर्षींहून अधिक जागण्याची इच्छा धरतो. या प्रतिमेचा जोर मराठी वाचकाच्या सहज ध्यानात येत नाही, कारण आपल्याकडे सप्तर्षी मावळतात. इंग्लंडच्या अक्षांशावर ते मावळतच नाहीत. त्यांच्याहून अधिक जागणे म्हणजे पहाट होईतो जागणे. मात्र बारीक कोर क्षितिजाशी असते ती संध्याकाळनंतर किंवा पहाटेपूर्वी, त्यामुळे चित्रातील घटका काव्यातल्या मध्यरात्रीशी नेमकी जुळत नाही. पामरने येथे पंचांगापेक्षा भाव सांभाळला असावा.

मनोऱ्याच्या मुळाविषयी मतभेद आहेत. पामरचा थोरला मुलगा टॉमस मोर १८६१ मध्ये एकोणिसाव्या वर्षी सरी परगण्यातील लीथ हिलजवळ वारला. पुढील वर्षी कुटुंब रेडहिलला राहायला गेले. त्या भागातून लीथ हिलवरील अठराव्या शतकातील मनोरा दिसे, असे सांगतात. त्यावरून काही अभ्यासक दिव्यात पुत्रशोक पाहतात. इतरांच्या मते, कलासमीक्षक जॉन रस्किनचा वकील लेनर्ड रो व्हॅल्पी याच्यासाठी सु. १८६४ पासून हाती घेतलेल्या, मिल्टनच्या काव्यावरील चित्रमालिकेतील याच विषयाचे जलरंगचित्र हाच आधार पुरेसा आहे. चित्रातला मनोरा लीथ हिलच्या इमारतीची हुबेहूब प्रतिकृती नाही, त्यामुळे दुसरे मत अधिक सावध वाटते. पण शोकाची छाया त्यामुळे नाकारली जात नाही.

पामरची चंद्राची ओढ अर्थात जुनी. इंग्रज कवी-चित्रकार विल्यम ब्लेकची रोमन कवी व्हर्जिलवरील काष्ठमुद्रिते (१८२१) आणि केंटमधील शोरम येथील वास्तव्य यांत पामरच्या स्वच्छंदतावादी (रोमँटिक) रात्रीचित्रांचे मूळ आहे. तारुण्यातील चंद्र भरगच्च पिकांवर, गोठ्यांवर उतरतो. म्हातारपणीच्या या चित्रात चंद्र, दिवा आणि माणसे एकमेकांपासून दूर आहेत, आणि मेंढपाळांना प्रकाश दिसला तरी दिव्यापाशी बसलेला चिंतक दिसत नाही. चांदण्या रात्रीशी शृंगार जोडला जातो, पण या चित्रातील शृंगार म्हणायचा तर तो एवढ्याच अंतराचा. प्रेमीयुगुल येथे नाही.

डब्ल्यू. बी. येट्स या आयरिश कवीने चांद्रकलांवरील कवितेत पामरच्या या दिव्याचा नावानिशी उल्लेख केला आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड ॲल्बर्ट संग्रहालयातील १९२६ च्या प्रदर्शनानंतर पामरच्या मुद्राचित्रांकडे नव्याने लक्ष गेले. धाकटा मुलगा अल्फ्रेड हर्बर्ट याने १९०९ मध्ये वडिलांच्या बऱ्याच वह्या व रेखाटने जाळली होती.