पाणी घटतंय आणि पातळी चढतेय

दसरा जवळ आला की कोल्हापूरच्या पेपरात एक ठरलेली बातमी येते: अमुक साखर कारखान्याचा बॉयलर अग्निप्रदीपन समारंभ उत्साहात. फोटोत चेअरमन, संचालक मंडळ, सपत्नीक पूजा आणि बॉयलरच्या दारात धरलेला पलिता. असले फोटो वर्षानुवर्षं बघून आपला समज झालेला असतो की बॉयलरवर कामाला लागणं म्हणजे जाळ घालायला लागणं. जाळ घालायचं काम इंधन आत ढकलणारे फीडर आणि पंखे कधीपासूनच करतात. आयटीआय किंवा डिप्लोमा करून पहिल्यांदा प्लांटवर आलेल्या पोराला सगळ्यात आधी शिकायची असते ती पाण्याची पातळी. आणि ती पातळी नेमक्या अडचणीच्या वेळी उलटं सांगते. हा लेख त्या उलट सांगण्याबद्दल आहे.

कोराडी किंवा चंद्रपूरसारखं कोळशावरचं मोठं वीज केंद्र कोल्हापूर जिल्ह्यात नाही. पण कागल, बिद्री, हुपरी, शिरोळ, वारणानगर ही साखर कारखान्यांची गावं आहेत आणि साखर कारखाना म्हटला की वाफ आलीच. ज्या कारखान्यांत सहवीज प्रकल्प आहे तिथे चक्र तेच: बगॅस (उसाचा चोथा) जाळायचा, वाफ करायची, टर्बाइन फिरवायचं. टर्बाइनमधून दीड-एक किलो दाबाने बाहेर पडणारी वाफ रस आटवायला जाते. गाळपातून निघालेल्या बगॅसमध्ये निम्मं पाणीच असतं, तरी एक किलो बगॅस सव्वादोन किलोच्या आसपास वाफ देतो. जुने बॉयलर २१ किंवा ३२ किलो दाबाचे होते. सहवीज प्रकल्पांत ६७, ८७, ११० किलो दाब चालतो. प्लांटवर नुसतं ‘किलो’ म्हटलं की ते दर चौरस सेंटिमीटरला असं समजायचं. पुढचे सगळे आकडे ६७ किलोच्या बॉयलरचे.

नव्या फील्ड ऑपरेटरचा दिवस तासाच्या फेऱ्यांत जातो. बॉयलरला पाणी देणारे फीड पंप आणि पंखे यांच्या बेअरिंगचं तापमान, तेलाची पातळी, पाण्यातली हवा काढणारा डीएरेटर १०५ अंशांवर आहे का, राखेचे हॉपर रिकामे होतायत का, भट्टीतला ड्राफ्ट (आतल्या हवेचा दाब) उणे ५ ते उणे १० मिलिमीटर पाणी आहे का. ड्राफ्ट अधिकमध्ये गेला तर झाकण उघडताच ज्वाळा तोंडावर येते, म्हणून बघायच्या झरोक्यासमोर कधी उभं राहायचं नाही, बाजूला उभं राहायचं. आणखी एक. वाफ डोळ्यांना दिसत नाही. पांढरं दिसतं ते गार होऊन झालेले पाण्याचे थेंब. ६७ किलोच्या लाइनला भेग पडली की कर्कश शिट्टी ऐकू येते, भेगेजवळ काहीच दिसत नाही, पांढरेपणा थोडा पुढे सुरू होतो. मधल्या त्या मोकळ्या दिसणाऱ्या जागेत हात घालायचा नसतो. शिट्टी ऐकली की लांब राहून कंट्रोल रूमला कळवायचं.

आता ड्रम. बॉयलरच्या माथ्यावर आडवा ठेवलेला जाड पोलादी नळकांडा. त्यातलं पाणी जाळ न लागणाऱ्या नळ्यांतून खाली उतरतं, भट्टीच्या भिंतींतल्या नळ्यांतून उकळत वर येतं आणि पाणी-वाफेचं मिश्रण पुन्हा ड्रममध्ये पडतं. हे फिरवायला पंप लागत नाही. खाली जाणारं पाणी जड, वर येणारं मिश्रण हलकं, एवढ्यावर सगळं चालतं. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर असल्याने आपल्या घरात पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. ६७ किलो दाबाखाली तेच पाणी २८३ अंशांना उकळतं. आणि ड्रममधलं ‘पाणी’ निखळ पाणी नसतं, त्यात सतत बुडबुडे असतात. भिंतींच्या नळ्यांत तर असतातच असतात. पातळी मोजणारं यंत्र फक्त उंची बघतं. त्या उंचीत पाणी किती आणि बुडबुडे किती हे त्याला कळत नाही.

समजा मिल (ऊस गाळणारा विभाग) जोरात आहे आणि प्रोसेसने (रसाची साखर करणाऱ्या विभागाने) अचानक जास्त वाफ ओढली. ड्रममधला दाब ६७ वरून ६५ वर आला. ६५ किलोला पाणी २८१ अंशांना उकळतं, पण आतलं पाणी अजून २८३ वर आहे. ही दोन अंशांची उष्णता जाणार कुठे? पाण्याच्या पोटातल्या पोटात वाफ होऊन बाहेर पडते, बॉयलरभर, एकाच वेळी. हिशेब करून बघू. दोन अंशांची उष्णता म्हणजे दर किलो पाण्यामागे साडेदहा किलोज्यूल. या दाबाला एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे १५२५ किलोज्यूल लागतात. म्हणजे वाफ झाली ती पाण्याच्या ०.७ टक्के. क्षुल्लक वाटेल. पण याच दाबाला वाफ पाण्यापेक्षा एकवीस-बावीस पट जागा घेते, त्यामुळे ०.७ टक्के वस्तुमानाचे बुडबुडे पाण्याच्या मूळ आकारमानाच्या सुमारे १५ टक्के जागा मागतात. शिवाय आधीचे बुडबुडे दाब उतरल्याने फुगतात ते वेगळंच. बॉयलरमध्ये ५० टन पाणी असेल तर ही दहा घनमीटर नवी वाफ झाली. ती एका फटक्यात आली तर ड्रममध्ये मावणार नाही. सुदैवाने दाब काही सेकंदांत नाही, मिनिटा-दीड मिनिटात उतरतो आणि तेवढ्यात बरेच बुडबुडे निसटून जातात. जे राहतात ते पातळी वर उचलतात. सोड्याची बाटली उघडल्यावर कुणी पाणी न घालता सोडा गळ्यापर्यंत चढतो, तसं.

याला प्लांटवर ‘स्वेल’ म्हणतात. स्क्रीनवर दिसतं असं: वाफ जास्त जातेय, म्हणजे बॉयलरमधलं पाणी घटतंय, आणि पातळी मात्र चढतेय. नवा माणूस काय करतो? फीड व्हॉल्व्ह, म्हणजे ड्रममध्ये पाणी सोडणारा व्हॉल्व्ह, बंद करतो. मिनिटभराने दाब सावरतो, बुडबुडे निघून जातात आणि पातळी धाडकन खाली येते, कारण दरम्यान वाफ गेली आणि पाणी आलंच नाही.

उलट बाजूही तितकीच फसवी. मिल थांबली, वाफेची मागणी तुटली, दाब चढला. बुडबुडे दबून लहान होतात, काही परत पाणी होतात आणि पातळी बसते. हा ‘श्रिंक’. घाबरून फीड वाढवलं तर बॉयलरमध्ये तुलनेने गार पाणी घुसतं, आणखी बुडबुडे मरतात, पातळी आणखी खाली जाते, माणूस आणखी फीड उघडतो. मग मिल सुरू होते, दाब उतरतो, स्वेल येतो आणि एवढं सगळं जास्तीचं पाणी वर उठतं. ड्रममधून वाफेबरोबर पाणी वाफ आणखी तापवणाऱ्या सुपरहीटरमध्ये जातं, पाण्यातले क्षार नळ्यांत आणि टर्बाइनच्या पात्यांवर बसतात. पाण्याचा लोंढाच गेला तर टर्बाइनचा रोटर जागेवर धरणारं थ्रस्ट बेअरिंग जातं.

सहवीज प्रकल्पात याला बगॅसची फोडणी असते. अवकाळी पावसाने यार्डातला ढीग भिजला की ओला बगॅस फीडरच्या चुटमध्ये (घसरणीत) अडकतो. त्या फीडरचा जाळ बसतो, दाब उतरतो, पातळी हलते. हेल्पर सळई घालून चोक काढतो, अडकलेला सगळा बगॅस एकदम भट्टीत पडतो, जाळ भडकतो, दाब चढतो, पातळी पुन्हा हलते. म्हणजे पाण्याला कुणी हात लावलेला नसताना पाच मिनिटांत पातळी वर-खाली नाचली. म्हणून चोक काढण्याआधी वॉकीटॉकीवर सांगायचं असतं. न सांगता सळई घातली तर कंट्रोल रूममधल्या माणसाला ती उलथापालथ फीडमध्ये बिघाड झाल्यासारखी दिसते.

यावरचा इलाज जुना आणि सुंदर आहे: तीन घटकांचं नियंत्रण. कंट्रोलर एकट्या पातळीवर विश्वास ठेवत नाही. बाहेर जाणारी वाफ किती टन आणि आत येणारं पाणी किती टन हे तो मोजतो आणि आधी ते दोन जुळवतो. पातळीचा उपयोग हळूहळू दुरुस्ती करण्यापुरता. त्यामुळे स्वेल येत असताना पातळी चढली तरी वाफेचा प्रवाह वाढलेला असल्याने फीड व्हॉल्व्ह उघडतोच, आणि तेच बरोबर असतं. अडचण कमी लोडला, म्हणजे वाफ कमी जात असताना, येते. साधारण तीस टक्क्यांखाली वाफेच्या प्रवाहाचं मोजमाप भरवशाचं राहत नाही, म्हणून तिथे फक्त पातळीवर चालवावं लागतं. ‘फुल्ली ऑटोमॅटिक’ म्हणून जे प्लांट विकले जातात त्यातही सुरू-बंदच्या या तासांत माणूसच लागतो.

वेळ किती मिळतो? ड्रमचा आतला व्यास दीड मीटर, लांबी आठ मीटर, बॉयलर ताशी १०० टनांचा धरा. मध्यभागी पाण्याचा पृष्ठभाग १२ चौरस मीटर, म्हणजे १०० मिलिमीटर पातळी म्हणजे १.२ घनमीटर, वजनाने ९०० किलो. सेकंदाला २८ किलो वाफ जाते. फीड पूर्ण बंद पडलं तर १०० मिलिमीटर जायला ३२ सेकंद.

म्हणून गेज ग्लास, ड्रमला जोडलेली पातळीची काच. कंट्रोल रूममधला आकडा ट्रान्समीटरचा, म्हणजे पातळी मोजून आकडा पाठवणाऱ्या यंत्राचा, असतो. ड्रमवरची काच थेट पाणी दाखवते. दाब जास्त असला की दुरंगी काच असते, पाणी हिरवं, वाफ लाल. दर पाळीला दोन्ही जुळवायचे. पण एक गोष्ट नव्यांना कुणी सांगत नाही: काचही थोडं खोटं बोलते. काच ड्रमच्या बाहेर असते, तिच्यातलं पाणी गार, म्हणून जड. ड्रममधलं पाणी दर घनमीटरला ७४७ किलो, काचेतलं २०० अंशांवर असेल तर ८६५ किलो, वाफ ३५ किलो. खालच्या जोडापासून ड्रममध्ये ३०० मिलिमीटर पाणी असेल तर काचेत ३०० गुणिले ७१२ भागिले ८३०, म्हणजे २५७. तब्बल ४३ मिलिमीटर कमी. त्यामुळे काच आणि स्क्रीनमध्ये ठरावीक फरक असतो तो दोष नव्हे; तो फरक एकाएकी बदलला तर मात्र दोष. कमी दाबाच्या साध्या काचेवर तपासणी अशी: पाण्याचा आणि वाफेचा, दोन्ही कॉक बंद, ड्रेन उघडा. वाफेचा कॉक उघडून जोरात फुंकते का बघा, बंद करा. मग पाण्याचा उघडून बघा, बंद करा. ड्रेन बंद करून दोन्ही कॉक हळू उघडा. पाणी झटकन पातळीला आलं तर मार्ग मोकळे आहेत. रेंगाळत आलं तर पाण्याच्या बाजूला गाळ आहे आणि ती काच जुनी पातळी दाखवत बसेल.

बॉयलर पेटवतानाही पाणीच खेळ करतं. ३० अंशांचं पाणी २८३ ला नेलं की ते तिसऱ्या हिश्श्याने फुगतं, म्हणून पेटवण्याआधी ड्रम नेहमीच्या पातळीखाली भरतात आणि चढेल तसं ब्लोडाऊनने (पाणी बाहेर सोडायच्या व्हॉल्व्हने) काढतात. हवेचा व्हेंट दाब दोन किलो होईपर्यंत उघडा. आणि तापमान तासाला ५० अंशांपेक्षा वेगाने चढवायचं नाही, कारण ड्रमचं जाड पोलाद आतून तापतं आणि बाहेरून मागे राहतं. म्हणजे किमान पाच तास. मुहूर्त सव्वानऊचा असेल तर पूजा खुशाल सव्वानऊला करा, नारळ फोडा, पॅनेलला लिंबू-मिरची बांधा. पण पाहुण्यांना टर्बाइन फिरताना दाखवायचं म्हणून प्रेशर पंचांगाप्रमाणे चढवलं तर त्या ड्रमला कुठलाच लिंबू वाचवत नाही.

खरंच पाणी गेलं तर? भट्टीतला वायू हजार अंशांच्या घरात असतो. नळीचं पोलाद तीनशे-साडेतीनशेवर राहतं ते केवळ आतल्या पाण्यामुळे. पाणी संपलं की पाचशेच्या पुढे पोलाद मऊ पडतं आणि नळी फुगून फाटते. २८३ अंशांचं पाणी एकदम मोकळ्या हवेत आलं तर त्यातलं ३७ टक्के तिथल्या तिथे वाफ होतं. एका किलोमागे सहाशे लिटरच्या वर. १८६३ मध्ये कलकत्त्यात बॉयलर फुटून माणसं गेली, त्यानंतर १८६४ मध्ये बंगालने बॉयलर तपासणीचा कायदा केला, पुढे १९२३ चा देशव्यापी कायदा आला, आणि त्याच्या जागी आता २०२५ चा. बॉयलर अटेंडंटची परीक्षा आणि बाष्पके संचालनालयाची वार्षिक तपासणी ही त्याच साखळीतली.

त्या परीक्षेत हमखास विचारतात: काचेत पाणी दिसत नाही, काय कराल? पाणी सोडणार म्हणणारा नापास. आधी इंधन बंद, मग हवेचे पंखे बंद, वाफ एकदम ओढायची नाही, आणि पातळी कुठे आहे हे कळेपर्यंत फीड उघडायचं नाही. तापून लाल झालेल्या नळीवर पाणी पडलं की वाफ होण्याचा वेग कशालाच आवरत नाही. हे सगळं लो-लेव्हल ट्रिप (पातळी फार खाली गेली की बॉयलर बंद पाडणारी यंत्रणा) आपोआप करते, बायपास, म्हणजे निकामी, करून ठेवली नसेल तर. स्वेल-श्रिंकने सारखी ट्रिप येते म्हणून ती बायपास करायचा मोह अनेकांना होतो. पाळी बदलताना लॉगबुकात सर्वांत आधी तेच बघायचं: कुठला इंटरलॉक (ट्रिपसारखी आपोआप चालणारी सुरक्षा) बायपास आहे, कुणाच्या सहीने, आणि किती वाजेपर्यंत.