‘कॅशे साफ करा’ की ‘स्टोरेज साफ करा’?

अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये एखाद्या ॲपच्या स्टोरेजचे पान उघडले की ‘कॅशे साफ करा’ आणि ‘स्टोरेज साफ करा’ (जुन्या फोनवर ‘डेटा साफ करा’) अशी दोन बटणे शेजारी शेजारी दिसतात आणि एक थोडे पुसते, दुसरे जास्त पुसते, एवढाच फरक असावा असे वाटते. मलाही तसेच वाटत होते. मागच्या पावसाळ्यात दादरच्या पुलावर टीसीने पास मागितला, तेव्हा पासाच्या ॲपने मला ओळखच दाखवली नाही. मोबाइल क्रमांक आणि पासवर्ड नव्याने विचारला. आदल्या रात्री जागा मोकळी करण्याच्या नादात मी दुसरे बटण दाबले होते. पासवर्ड आठवेना, दंड भरावा लागला, आणि चूक सर्वस्वी माझी होती.

चाळीत सकाळी तासभर पाणी येते म्हणून आपण पिंप भरून ठेवतो. ते ओतून दिले तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा भरता येते. कॅशे हे असे पिंप आहे. एकदा पाहिलेली छायाचित्रे, नकाशाचे तुकडे, व्हिडिओंची लहान चित्रे पुन्हा पुन्हा इंटरनेटवरून आणावी लागू नयेत म्हणून ॲप ती हाताशी ठेवते. ती पुसली तर ॲप पहिल्यांदा थोडे सावकाश उघडते आणि तीच चित्रे परत आणताना नेट खर्ची पडते, याहून अधिक काही बिघडत नाही. स्टोरेज पुसणे म्हणजे मात्र घरातले कपाट कागदपत्रांसकट रिकामे करणे होय: लॉगिन, सेटिंग्ज, ॲपमध्ये उतरवून ठेवलेली गाणी आणि ऑफलाइन नकाशे सगळे जाते, आणि सोबत कॅशेही जाते. ॲप तेवढे फोनवर उरते, पण नुकतेच बसवल्यासारखे कोरे.

म्हणून बटणाकडे बोट नेण्याआधी वरचे आकडे वाचावेत. तेथे ॲपचा आकार, वापरकर्ता डेटा आणि कॅशे वेगवेगळे लिहिलेले असतात. कॅशे ३० एमबी आणि वापरकर्ता डेटा २ जीबी असेल, तर पहिल्या बटणाने फारसे काही हाती लागणार नाही, आणि दुसऱ्याने नेमके काय जाईल हे आधी तपासलेले बरे. बहुतेक फोनवर कॅशे न विचारता पुसली जाते, तर स्टोरेज पुसताना इशाऱ्याची चौकट येते; ती चौकट आली की थांबून वाचावी. काही फोनवर दोन्ही पर्याय ‘डेटा साफ करा’ या एकाच बटणाआड असतात, तेथे विशेष जपावे.

युपीआय ॲपचे स्टोरेज पुसले तर बँकेतले पैसे किंवा युपीआय पिन जात नाही, कारण ते फोनवर नसतातच. पण सिमवरून एसएमएस पाठवून नोंदणी पुन्हा करावी लागते, आणि भाजीवाला समोर उभा असताना ते जमेलच असे नाही. व्हॉट्सॲपच्या बाबतीत प्रकरण गंभीर होते. नंबर ओटीपीने पुन्हा पडताळावा लागतो आणि शेवटच्या बॅकअपनंतरचे संदेश परत मिळत नाहीत. शिवाय तेथली जागा मुख्यतः फोटो-व्हिडिओंनी अडवलेली असते, ते कॅशेमध्ये नसतात. ते काढण्यासाठी व्हॉट्सॲपच्याच सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज व्यवस्थापन’ आहे. ५ एमबीहून मोठ्या फायली आणि अनेकदा फॉरवर्ड झालेले व्हिडिओ ते वेगळे काढून दाखवते. सुप्रभातचे निम्मे व्हिडिओ मला तेथेच सापडले.

रोज रात्री कॅशे पुसत बसण्यातही अर्थ नाही, कारण ती वापराबरोबर पुन्हा भरते आणि जागा फारच कमी पडली तर अँड्रॉइड स्वतःच ती काढून टाकते. एखाद्याच ॲपची कॅशे फुगली असेल किंवा ते अडखळत असेल, तेव्हा ती पुसावी. एवढ्यानेही ते सुरळीत चालत नसेल, तर बॅकअप झाला आहे आणि पासवर्ड आठवतो याची खात्री करून मगच स्टोरेजला हात लावावा, आणि तोही रविवारी, घरी बसून.