क्लाउनफिशचे घरगुती प्रजनन

क्लाउनफिशचे घरगुती प्रजनन : खाऱ्या पाण्याच्या घरगुती टाकीत क्लाउनफिशची जोडी जमवणे, तिची अंडी घेणे आणि त्यांतून निघालेली पिल्ले हातातल्या बोटाच्या पेराएवढी होईपर्यंत वाढवणे. समुद्री शोभिवंत माशांमध्ये घरी वाढवता येण्याजोगे मासे मोजकेच आहेत आणि क्लाउनफिश त्यांतला सर्वांत आटोक्यातला. सर्जनफिशसारखे मासे अंडी उघड्या पाण्यात सोडून मोकळे होतात. त्यांचे डिंभ, म्हणजे अंड्यातून नुकतीच निघालेली पिल्ले, इतके सूक्ष्म असतात की त्यांना भरवायचे काय, हाच प्रश्न पडतो. क्लाउनफिश अंडी दगडाला चिकटवतो, नर त्यांची राखण करतो आणि बाहेर पडणारा डिंभ तीन-चार मिलिमीटर लांबीचा, उघड्या डोळ्यांचा आणि पहिल्याच दिवसापासून शिकार करू शकणारा असतो.

तरीही अंडी मिळाली म्हणजे पिल्ले मिळाली, असे होत नाही. जोडी अंडी घालते ती माणसाने फारसे काही न करता. माणसाचे काम अंडी फुटण्याच्या रात्री सुरू होते आणि त्याची तयारी त्याआधी तीन आठवडे झालेली नसेल तर ते त्याच आठवड्यात संपते.

क्लाउनफिशच्या सुमारे ३० जाती असून त्या हिंदी व पॅसिफिक महासागरांच्या उष्ण पट्ट्यात समुद्रफुलांच्या (सी ॲनिमोन या फुलासारख्या दिसणाऱ्या प्राण्यांच्या) आश्रयाने राहतात. अटलांटिकमध्ये एकही नाही. घरगुती प्रजननासाठी अँफिप्रिऑन ऑसेलॅरिस ही जात सर्वाधिक वापरतात; दुकानात ‘निमो’ मागितला की बहुधा हाच हाती पडतो. तिच्या जवळची पर्क्युला ही जात दिसायला जवळपास सारखीच, पण पांढऱ्या पट्ट्यांच्या काळ्या कडा जास्त जाड. मरून क्लाउन मोठा व देखणा असतो. मात्र त्याची मादी नको असलेल्या नराला मारून टाकते, त्यामुळे नवख्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

फ्लोरिडात मार्टिन मो यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला क्लाउनफिश विक्रीयोग्य संख्येने वाढवून दाखवला. भारतात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने तमिळनाडूतील मंडपम आणि केरळातील विळिंजम येथील केंद्रांत सेबा, ऑसेलॅरिस, पर्क्युला आदी जातींचे प्रजननतंत्र बसवले. महाराष्ट्रात कांदळवन प्रतिष्ठानाने राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिकी संसाधन ब्युरोच्या सहकार्याने ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात समुद्री शोभिवंत माशांची हॅचरी उभारली. या कामाला महत्त्व येते ते समुद्रातून होणाऱ्या पकडीमुळे. फिलिपाइन्स आणि इंडोनेशियात शोभिवंत मासे गुंगवून पकडण्यासाठी सायनाइडचा वापर झालेला आहे. त्यात पकडलेला मासा अनेकदा दुकानापर्यंत जगतो आणि घरी आल्यावर मरतो. ज्या प्रवाळावर ते फवारले जाते ते तर तिथेच मरते.

जोडी

सर्व क्लाउनफिश जन्मतः नरपणाकडे झुकलेले असतात. एका समुद्रफुलातील गटात सर्वांत मोठा मासा मादी, दुसऱ्या क्रमांकाचा नर, आणि बाकीचे प्रजनन न करणारे. मादी मेली की नराचे मादीत रूपांतर होते आणि तिसऱ्या क्रमांकाचा मासा नराची जागा घेतो. हे स्थित्यंतर उलट दिशेने होत नाही. एकदा मादी झालेला मासा पुन्हा नर होत नाही. पापुआ न्यू गिनीतील पर्क्युलावरच्या अभ्यासात असेही दिसले की खालचा मासा आपली वाढ मुद्दाम रोखून धरतो. वरच्याच्या अंगाबरोबर आला तर हाकलला जाण्याची भीती असते.

पाळणाऱ्यासाठी याचा अर्थ फार सोयीचा आहे. नर-मादी ओळखत बसावे लागत नाही. एक लहान आणि एक त्याहून ठळकपणे मोठा असे दोन कोवळे मासे एकत्र सोडले की मोठा मादी होतो व लहान नर. लहान मासा मोठ्यासमोर आडवा होऊन अंग थरथरवू लागला की जोडी जमते आहे असे समजावे. दोन मोठ्या माद्या एकत्र सोडणे मात्र जीवघेणे ठरते. कोवळ्या वयात आणलेली जोडी अंडी घालायला साधारण वर्ष-दीड वर्ष घेते, कधी त्याहूनही जास्त. समुद्रफूल हवेच असे नाही. हॅचरीत जन्मलेल्या कित्येक पिढ्यांनी ते पाहिलेलेही नसते. आडवी ठेवलेली, रंग न दिलेली मातीची कुंडी त्यांना घर म्हणून चालते.

पाणी तापमानाने २६ ते २८ अंश सेल्सिअस आणि विशिष्ट गुरुत्वाने १.०२४ ते १.०२६ असावे. किनाऱ्यावरून पाणी भरून आणण्याचा मोह कोकणात अनेकांना होतो. पावसाळ्यात नद्यांच्या पाण्याने किनाऱ्याचे पाणी गोडसर व गढूळ होते, शहरालगत तर बाराही महिने त्याचा भरवसा नाही. तेव्हा आरओच्या पाण्यात तयार सागरी मीठ विरघळवणे बरे. बाष्पीभवनाने पाणी उडते, मीठ मागे राहते, म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची. जोडीला दिवसातून दोन-तीनदा कोळंबी, माकूल, तिसऱ्यांचे मांस असे बारीक चिरलेले खाणे द्यावे. नुसत्या सुक्या दाण्यांवर ठेवलेली मादी अंडी घालतेही, पण त्यांतून निघणारे डिंभ अशक्त निघतात.

अंडी

अंडी घालण्याच्या आधी दोन-तीन दिवस दोघे मिळून एखादी जागा तोंडाने खरवडून साफ करू लागतात. मादीचे पोट फुगते आणि पोटाखाली आखूड अंडनलिका डोकावते. अंडी घातली जातात ती बहुतेकदा दुपारनंतर. मादी पृष्ठभागाला पोट घासत पुढे सरकते, नर मागोमाग येऊन ती फलित करतो. एका खेपेस शंभरापासून हजारापर्यंत अंडी असू शकतात. पहिल्या खेपा लहान असतात आणि आईबापच त्या खाऊन टाकतात. त्याने खचू नये. तिसऱ्या-चौथ्या खेपेपर्यंत जोडी सरावते.

अंडी सुमारे दोन मिलिमीटर लांब, कॅप्सूलच्या आकाराची असतात. सुरुवातीला ती गडद नारिंगी दिसतात, मग तपकिरी होतात, नंतर आतले डोळे काळ्या ठिपक्यांसारखे उठून दिसतात. शेवटच्या दिवशी त्याच डोळ्यांना चंदेरी झाक येते आणि टॉर्च मारला की सगळा पुंजका चमकतो. ही झाक हीच त्या रात्रीची सूचना. नर दिवसभर परांनी अंड्यांवर पाणी वारत असतो आणि मेलेली, पांढरी पडलेली अंडी वेचून खातो. पाण्याच्या तापमानानुसार अंडी सहा ते अकरा दिवसांत फुटतात. २७-२८ अंशांत बहुधा सातव्या-आठव्या रात्री. मादी दर दोन आठवड्यांच्या आसपास नवी खेप घालते.

रोटिफर

क्लाउनफिश वाढवणारा माणूस दिवसातला बराच वेळ माशांकडे पाहत नसतो, बादल्यांकडे पाहत असतो. डिंभाच्या तोंडात मावेल, हलेल आणि पाण्यात तरंगत राहील असे खाद्य म्हणजे ब्रॅकिओनस प्लिकॅटिलिस हा रोटिफर, पाण्यात पोहणारा एक सूक्ष्म प्राणी. तो मिलिमीटरच्या एक दशांश ते एक तृतीयांश एवढाच असतो. सुकी पूड कितीही बारीक दळली तरी ती तळाशी बसते आणि पाणी कुजवते. डिंभ तिच्याकडे वळूनही पाहत नाही.

रोटिफर बारा-पंधरा लिटरच्या बादलीत, समुद्रापेक्षा थोड्या कमी खारट पाण्यात आणि मंद हवेवर वाढतात. त्यांचे खाणे म्हणजे नॅनोक्लोरोप्सिस हे हिरवे सूक्ष्म शैवाल, जिवंत किंवा पेस्टच्या रूपात. यीस्टवरही ते भराभर वाढतात आणि यीस्ट स्वस्त पडते. पण यीस्टवर वाढलेल्या रोटिफरमध्ये डीएचए आणि ईपीए ही मेदाम्ले नसतात, आणि त्याचे परिणाम आठवडाभराने दिसतात. पाणी हिरवे असताना सकाळी पाहिले आणि संध्याकाळी ते निवळले, तर रोटिफर खाताहेत असे समजावे व पुन्हा शैवाल घालावे. रोज चौथा हिस्सा पाणी सुमारे ५० मायक्रॉनच्या जाळीतून गाळून रोटिफर काढायचे आणि तेवढेच नवे खारे पाणी भरायचे. काढणी थांबली की बादलीत गर्दी व घाण वाढते. सगळे ठीक दिसत असताना एके सकाळी बादलीत जिवंत रोटिफर उरलेले नाहीत, असेही होते. म्हणून बादल्या दोन ठेवाव्यात, शक्यतो वेगवेगळ्या खोल्यांत, आणि एकीचा चमचा किंवा नळी दुसरीला लावू नये.

फुटण्याची रात्र

डिंभांची टाकी वेगळी असते. तिच्यात वीस ते चाळीस लिटर पाणी, तेही जोडीच्याच टाकीतले. फिल्टर नाही, वाळू नाही. बाजू बाहेरून काळ्या कागदाने मढवतात, कारण काचेवर चमकणाऱ्या उजेडाकडे डिंभ डोके आपटत राहतात आणि त्यातच मरतात. अंडी चिकटलेली कुंडी किंवा टाइल त्या संध्याकाळी पाण्याबाहेर अगदी क्षणभरच काढून इथे आणतात. पुंजक्याच्या खाली एअरस्टोन असा ठेवतात की बुडबुडे अंड्यांना घासून वर जातील, पण उपटणार नाहीत. नराच्या परांचे काम आता तो करतो. मग दिवा पूर्ण बंद. दाराखालून येणारी उजेडाची फटसुद्धा अंडी फुटणे पुढे ढकलते. अंधार झाल्यावर तास-दोन तासांत बहुतेक डिंभ बाहेर पडतात. दोन तासांनी मंद टॉर्च धरला तर काचेच्या तुकड्यांसारखे पारदर्शक जीव, प्रत्येकाला चंदेरी डोळ्यांची जोडी, उजेडाकडे झेपावताना दिसतात. नर अंडी सोडायला तयार नसेल तर ती जोडीच्याच टाकीत फुटू देतात आणि टॉर्चच्या उजेडात एका कोपऱ्यात जमलेले डिंभ वाटीने पाण्यासकट उचलतात. जाळीने पकडलेला डिंभ जगत नाही.

दुसऱ्या दिवसापासून पाण्यात दर मिलिलिटरला पाच ते दहा रोटिफर राहतील असे पाहावे लागते. टाकीत थोडे शैवाल घालून पाणी फिकट हिरवे ठेवतात. त्याने रोटिफरांना खाणे मिळते, उजेड मवाळ होतो आणि डिंभांना आपली शिकार उठून दिसते. हवा सेकंदाला एक-दोन बुडबुडे, त्याहून जास्त नको. पोट भरलेल्या डिंभाचे पोट गोल व फिकट दिसते. रिकाम्याचे आत ओढलेले असते. तळाशी जमलेली घाण व मेलेले डिंभ हवेच्या बारीक नळीने रोज ओढून काढतात आणि तेवढेच पाणी थेंबाथेंबाने भरतात. फिल्टर नसल्याने अमोनिया हा इथला मुख्य मारेकरी. वीज जाते तिथे बॅटरीवर चालणारा एअरपंप आधीच आणून ठेवावा.

साधारण सहाव्या-सातव्या दिवसापासून रोटिफरांच्या जोडीने नुकतीच उबवलेली आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या इवल्या प्राण्याची) पिल्ले देतात. आर्टेमियाची टरफले गाळून वेगळी काढावी लागतात; ती पचत नाहीत आणि आतड्यात अडकतात. उबल्यानंतर काही तासांतच त्यांच्या अंगातला बलक आटतो, त्यामुळे शिळी आर्टेमिया म्हणजे नुसते हलणारे टरफल. आठव्या ते चौदाव्या दिवसांत डिंभाचे रूप पालटते. मोकळ्या पाण्यात भिरभिरणारा जीव कडेला व तळाकडे येतो, शरीर नारिंगी-तपकिरी होते आणि डोक्यामागे पहिला पांढरा पट्टा उमटतो. मधला पट्टा नंतर, शेपटीजवळचा सर्वांत शेवटी. ज्यांना सुरुवातीला ती मेदाम्ले कमी पडली ते याच सुमारास जातात. दिवा अचानक लागला किंवा टाकीला धक्का बसला की पिल्लू गिरकी घेते, तळाशी पडते आणि संपते. म्हणून दिवा हळूहळू वाढवतात आणि खाद्यावर आधीच मेदाम्लांचा थर चढवतात.

पुढची वाढ

रूप पालटलेले पिल्लू दुसऱ्या आठवड्यानंतर बारीक चुऱ्याचे सुके खाद्य घेऊ लागते आणि इथून काम सोपे होते. आता त्यांना फिल्टर असलेल्या टाकीत हलवतात. फार थोडी पिल्ले मोठ्या टाकीत ठेवली तर ती हद्द आखतात आणि दुबळ्यांचे पर तोडतात. दाटीत मात्र कोणाला हद्द मिळत नाही आणि भांडणे घटतात. आखूड कल्ले, वाकडा जबडा, अर्धवट पट्टे असे दोष बहुधा पहिल्या दोन आठवड्यांच्या खाण्यातून येतात. पट्ट्यांचे काही वेगळे नमुने मात्र आनुवंशिक असतात. पिकासो, स्नोफ्लेक, प्लॅटिनम अशा नावांनी ते बाजारात विकले जातात. ऑस्ट्रेलियातील डार्विनजवळचा काळा ऑसेलॅरिस हा मात्र निसर्गातलाच प्रकार आहे. नारिंगी-पांढरा जंगली मासाच अधिक देखणा आहे हे प्रस्तुत लेखकाचे मत. बाजार ते मानत नाही.

सर्वसाधारण रोगांपैकी ब्रुकलिनेला हा आदिजीव क्लाउनफिशला फार छळतो. अंगावर चिकट पांढरा थर येतो, श्वास जलद होतो आणि एक-दोन दिवसांत मासा मरतो. तो बहुधा समुद्रातून पकडून आणलेल्या माशांबरोबर येतो, म्हणून नव्या माशाला काही आठवडे वेगळ्या टाकीत ठेवतात.

तीन-चार महिन्यांत पिल्ले अडीच सेंटीमीटरच्या आसपास होतात आणि दुकानदार ती घेतो. जोडी या काळात आणखी सहा-सात खेपा घालून मोकळी झालेली असते. इतक्या पिल्लांना जागा, रोटिफर आणि गिऱ्हाईक एका घरातून पुरणे अशक्य, त्यामुळे बहुतेक घरगुती पाळक वर्षातून दोन-तीन खेपाच वाढवायला घेतात. उरलेली अंडी जोडीच्या टाकीतच फुटतात आणि डिंभ रातोरात फिल्टरमध्ये किंवा सोबतच्या माशांच्या पोटी जातात.